सात मीटरवरून

हाफिजाने फोन पुढे केला तेव्हा शोभना डबा उघडत होती. "शोभना मॅडम, ये देखो, आपके गेमवाला आदमी. मेरी दोनों बेटियाँ पागल हैं इसके पीछे," हाफिजा म्हणाली. ती शाळेत उर्दू शिकवायची आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये शोभनाच्या शेजारी बसायची. पडद्यावर एक उंच, पिकल्या दाढीचा गोरा माणूस मुलांच्या घोळक्यात उकिडवा बसून ओरडत होता. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, हातवारे असे की समोरचा मागे सरावा, मधेच टाळ्या. ओरडता ओरडता तो एकदम थांबला, रडणाऱ्या एका गोलकीपर पोराचं डोकं त्याने दोन्ही तळव्यांत धरलं आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले. पडद्याच्या कडेने पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम बुडबुड्यांसारखे वर जात होते. "कितना चिल्लाता है ना? लेकिन प्यार से," हाफिजा म्हणाली. शोभनाने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. आतल्या मटकीच्या उसळीचा वास तिच्या नाकात तसाच अडकून राहिला. तिने त्या माणसाला दाढीवरून ओळखलं नव्हतं. तेव्हा त्याला दाढी नव्हती. ओळखलं ते त्याच्या टाळीवरून. पंजे पोकळ करून मारलेली, डबा आपटल्यासारखी वाजणारी टाळी. एलोय सानाब्रे. स्पेनच्या कुठल्याशा क्लबातून गुडघे संपवून निवृत्त झालेला हँडबॉलपटू. आता जगभर कोच एलोय.

घरी येताना शाळेच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मोहम्मद बिन झायद सिटीच्या एकसारख्या व्हिला, एकसारख्या भिंती, भिंतींवरून बाहेर लोंबणारी बोगनवेल, आणि तिच्या डोक्यात मात्र दुबईतली अल क्वोजची ती शेड. दोन हजार नऊ साल. तेव्हा ते दुबईत राहायचे आणि तिथल्या एका भारतीय शाळेत ती मुलींना हँडबॉल शिकवायची. शाळेकडे हॉल नव्हता म्हणून अल क्वोजमधलं एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं होतं. वर पत्रा, बाजूला टायरचं वर्कशॉप, आणि कोपऱ्यात दोन राक्षसी ब्लोअर, जे थंड हवा कमी आणि आवाज जास्त द्यायचे. त्या आवाजावर आपला आवाज चढवल्याशिवाय मुलींना काही ऐकूच जायचं नाही. "डोळे उघडे! चेंडू येताना डोळे मिटलेस तर मैदानाबाहेर काढीन!" ती ओरडायची. सांगलीच्या मैदानावर तिला तिच्या सरांनी असंच ओरडून शिकवलं होतं. ती राज्याच्या संघाची गोलकीपर होती, आणि गोलकीपरचं पहिलं शिक्षण तेच, की जे अंगावर येतंय त्याच्याकडे बघत राहायचं. मुली तिला घाबरायच्या आणि सराव संपल्यावर तिच्याच गळ्यात पडायच्या. त्यांची कॅप्टन सोनम, कुणा सोनाराची मुलगी, काटकुळी आणि हट्टी, बसमध्येसुद्धा तिच्या शेजारची जागा सोडायची नाही. त्या वर्षी त्यांनी एकेक शाळा हरवत नेली. फायनल तेवढी राहिली होती.

आणि त्याच वसंतात मंदीने सगळं थांबलं. तिच्या नवऱ्याच्या, विजयकुमारच्या, कंपनीचा टॉवर अर्ध्यावर थांबला. वरची क्रेन मान वळवायचीसुद्धा विसरली. त्याला दुबईपासून दूर, मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत, बदली मिळाली ती एकट्याने राहायच्या बोलीवर. घर, व्हिसा, लेकीची, आभाची, बालवाडी, सगळं आता शोभनाच्या नोकरीवर होतं. शाळेलाही माणसं कमी करायची होती. एके दिवशी शेडमध्ये हा माणूस येऊन बसला. शाळेच्या मालकांच्या ओळखीचा आहे, सल्लागार आहे, असं सांगण्यात आलं. गुडघ्याला पट्टा, खिशात सूर्यफुलाच्या बिया. बाकावर बसून तो बिया फोडायचा आणि टरफलं कागदी कपात टाकायचा. तिने स्वतः त्याला चहा आणून दिला होता. त्याने "ग्रासियास" म्हटलं होतं आणि तिच्याकडे न बघता मुलींकडे बघत राहिला होता. पुढच्याच आठवड्यात एचआरची बाई तिला म्हणाली, "कन्सल्टंटचं मत असं आहे, शोभना, की यू आर टू लाऊड. मुलींसाठी हे हेल्दी नाही." शोभनाला पहिल्यांदा वाटलं, ती ब्लोअरबद्दल बोलतेय.

नोकरी गेली, व्हिसा गेला, मग इस्लामपूर. सासरचं घर, सासूबाईंची हळू आवाजात बोलायची सवय, आणि त्या घरात तिचा स्वतःचा आवाज हळूहळू गळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसला. विजयकुमार मुसफ्फामध्ये चार पुरुषांबरोबर एका खोलीत. वर्षातून एकदा तो यायचा, बॅगेतून टँग आणि पिस्ते काढायचा, आणि आभा शोभनाच्या साडीमागे लपायची. "अगं, बाबा आहेत ते," असं सांगताना तिला दर वेळी कपात टरफलं पडल्याचा आवाज यायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. लोकांची मोठी मोठी नुकसानं झाली होती त्या वर्षी. कुणी तिला विचारलं असतं, तुझं काय गेलं, तर ती काय म्हणणार होती? माझी फायनल गेली?

आता तिघं पुन्हा इथे एकत्र होते. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने आभाकडून फोन मागून घेतला आणि कोच एलोयचं पान उघडलं. तो पेनल्टी मारायचा आणि मुद्दाम घसरून पडायचा. कुणाच्या आजीला गोलमध्ये उभं करून हळूच चेंडू सोडायचा. त्याची एक मालिकाच होती, 'अडवा मला'. सात मीटरच्या रेषेवरून तो साध्या माणसांना पेनल्टी मारायचा: पोलिसांना, वेटरांना, शेखांच्या मुलांना. खाली लोक लिहीत होते, हा माझा कोच असता तर, असा बाप हवा होता. ती खाली खाली जात राहिली. अंगठा दुखायला लागला तरी. अगदी तळाशी तो फोटो होता. शाळेच्या निळ्या जर्सीतल्या मुली, मधे सोनमच्या हातात चषक, मागे बिनदाढीचा तो, दोन्ही हात पसरलेले. आणि कडेला गोलकीपर मुलगी, कॅमेऱ्यासमोरसुद्धा तळवे पुढे आणि अंगठे जवळ धरून उभी. तसे धरायला तिला शिकवताना शोभनाचा महिना गेला होता. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'इथून सुरुवात झाली. माझा पहिला संघ. यांना मी शून्यातून उभं केलं.'

जेवताना तिने विजयकुमारला दाखवलं. त्याने चष्मा वर करून बघितलं. "अच्छा. हा तो होय? चांगलं नाव काढलंन की."

"शून्यातून म्हणतोय तो."

"लिहितात लोक. सोड ना आता, शोभा. खलास झालं ते. आपण परत आलो, आभाची शाळा चांगली आहे, तुलाही नोकरी लागली. कशाला उकरायचं?"

"मॉम, ही इज सो क्यूट बट," आभा म्हणाली. "एव्हरीवन लव्हज हिम."

शोभनाने भात कालवला. तिला जाणवलं की या टेबलावर तिचा राग एकटाच बसलाय आणि त्याला कुणी वाढत नाहीये. नवरा शांत माणूस होता, पण त्या शांतपणाची किंमत आपणच इतकी वर्षं भरली, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि ते वाटणं अन्यायाचं आहे हे कळूनही तिने ते परत घेतलं नाही. त्या दिवसापासून ती रोज ते पान बघायची. स्टाफरूममध्ये, बसमध्ये, कुकरच्या शिट्या होईपर्यंत. त्याच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या तिला पाठ झाल्या. मनातल्या मनात ती इंग्रजीत वाक्यं जुळवायची, ती बोलून दाखवायची, आणि प्रत्येक वेळी तो हसून तिच्या कपाळावर ओठ टेकायचा, आणि बदाम वर जायचे. मग तिने वाक्यं जुळवणं सोडून दिलं.

स्पोर्ट्स वीकला कोच एलोय आपल्या शाळेत येणार, हे प्रिन्सिपल मॅडमनी असेंब्लीत सांगितलं तेव्हा मुलांनी जो गलका केला त्यात शोभनाचं "नाही" कुणालाच ऐकू आलं नाही. तिने ते म्हटलं होतं का, याचीही तिला खात्री नव्हती. खेळाची शिक्षिका म्हणून त्याचं स्वागत करायचं काम तिच्याकडेच होतं. तिने गेटवर जाऊन पुष्पगुच्छ दिला. त्याने हात जोडून "नमस्ते" म्हटलं, शेजारच्या पोराने फोनवर ते टिपून घेतलं. तिचं नाव त्याने विचारलं, ऐकलं, आणि ते नाव त्याच्या चेहऱ्यावर कुठेच पोहोचलं नाही. ती वाट बघत राहिली. इतक्या वर्षांत ती जाडी झाली होती, केस आखूड केले होते, पण आवाज तर तोच होता. त्याने तो आवाज ऐकून तिची नोकरी घालवली होती, आणि आता त्याला तो आवाजही आठवत नव्हता. विसरल्या जाण्याचा इतका राग येऊ शकतो, हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं.

हॉल चकाचक होता. लाकडी जमीन, न वाजणारा एसी. मुलं भिंतींना टेकून, सगळ्यांचे फोन वर. त्याने दोन शिक्षकांना गोलमध्ये उभं केलं, हसवलं, गोल मारले. मग माइकवरून म्हणाला, "आता तुमच्या स्पोर्ट्स मॅडम!" आणि मुलं ओरडायला लागली, "शो-भ-ना मिस! शो-भ-ना मिस!" ती गेली. बूट घट्ट केले. गोलच्या दोन खांबांमध्ये उभं राहिल्याबरोबर तिच्या पोटऱ्यांनी आपोआप वजन पंजांवर घेतलं. आपला देह आपल्याला न विचारता काही जपून ठेवतो, हे किती चांगलं आहे, असं तिला वाटलं. त्याने चेंडू हातात घोळवला. लोकांना चेंडू दिसतो. तिला मनगट दिसत होतं. मनगट आत वळलं, म्हणजे हा जमिनीवर टप्पा घेऊन उलटा फिरणार. टप्पा पडला, चेंडू वळला, आणि वळून जिथे गेला तिथे तिचा उजवा पाय आडवा झालेला होता. नडगीवर सणकन बसलं. हॉलमध्ये एकच जल्लोष उठला. एलोयने दोन्ही गुडघे टेकले, डोक्याला हात लावला, जमिनीवर कपाळ ठेवलं. मग उठून हात पसरून तिच्याकडे आला, पण तोंड फोनकडे करून. "ही बाई! ही बाई इतकी वर्षं कुठे लपून बसली होती?"

"नाऊ यू," शोभना म्हणाली. "तुम्ही गोलमध्ये जा."

त्याला ते फारच आवडलं. त्याने मुलांना डोळा मारला, खांबांमध्ये जाऊन हात पसरले, खेकड्यासारखा इकडून तिकडे नाचला. ती सात मीटरच्या रेषेवर आली. चेंडू मुलींच्या मापाचा होता, मुठीत नीट बसणारा. तिने पकडीसाठी हाताला चिकट मेण लावून घेतलं, आणि त्या मेणाच्या वासाने शेड, ब्लोअर, निळ्या जर्सी, बाकावरचा कप, सगळं तिच्या आणि त्या नाचणाऱ्या माणसाच्या मधे येऊन उभं राहिलं. डावा खालचा कोपरा उघडा होता. वरचा उजवा तर सताड. तिने तो बघितला. हातून निसटलं, भान राहिलं नाही, असं पुढे तिला म्हणता आलं असतं. पण ते खोटं ठरलं असतं. भान इतकं होतं की त्याच्या वरच्या ओठावरचा घामसुद्धा तिला दिसत होता. तिने त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे बघितलं, खांदा मागे नेला, आणि अंगातलं सगळं वजन मनगटातून सोडलं. त्याने डोळे मिटले. चेंडू ज्या आवाजाने लागला तो आवाज छोटासाच होता, ओल्या कापडाची घडी आपटावी तसा. तो बसला. बोटांमधून रक्त आलं. मुलांचे हात वरच्या वर राहिले. तिला वाईट वाटलं नाही. तिला भूक लागली.

नर्सच्या खोलीत हलिमा सिस्टर त्याच्या नाकाला बर्फ लावत होती. प्रिन्सिपल मॅडम हात चोळत उभ्या होत्या. "आय अ‍ॅम सो सॉरी, कोच. हा निव्वळ अपघात..."

"अहो, खेळ आहे," तो चोंदलेल्या नाकातून म्हणाला. "गोलकीपरला लागतंच. मॅडमची काही चूक नाही."

इतक्या सहज त्याने माफ केलं. मोठेपणा त्याच्या खिशातच असायचा, बियांसारखा. "अपघात नव्हता," शोभना म्हणाली. खोली लहान होती आणि तिचा आवाज मोठा. "मी नेम धरला होता."

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "शोभना, प्लीज." पण त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. बर्फ बाजूला केला आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. तिने सांगितलं. अल क्वोज, शेड, निळ्या जर्सी. फारच थोड्या वाक्यांत झालं ते, आणि तिला आश्चर्य वाटलं की इतकंच होतं.

त्याने नाकाखालचं रक्त अंगठ्याने पुसलं. मग म्हणाला, "हो. तुम्ही फार ओरडता, असं मी बोललो होतो. जागा एकच होती. आमच्याकडे स्पेनमध्येही सगळं बंद पडलं होतं. मला ती हवी होती." आणि पुढे, "संघ चांगला तयार होता, ते मला दिसत होतं."

त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. कबुलीनंतर राग उतरतो असं तिने ऐकलं होतं. तिचा उतरला नाही. उलट इतके दिवस जो हवेत तरंगत होता त्याला बसायला जागा मिळाली.

"मी भरपाई करतो," तो एकदम उजळून म्हणाला. सुजलेल्या चेहऱ्यातही डोळे चमकले. "आपण दोघं व्हिडिओ करू. ही सगळी गोष्ट सांगू. तुम्ही, मी, हे नाक. लोकांना फार आवडेल."

"आवडेल," शोभना म्हणाली. "म्हणूनच नको. तुमच्या पानावर मी येणार नाही. तो फोटो काढून टाका तुम्ही."

"तो? तो माझा सगळ्यात..."

"काढून टाका."

रक्त लागलेल्या अंगठ्याने त्याने फोन पुसला, खाली खाली जात फोटो शोधला आणि काढून टाकला. ती बघत उभी राहिली. तिच्या मुली एका क्षणात गेल्या.

पुढे व्हायचं ते झालं. प्रिन्सिपल मॅडमनी शोभनाकडून लेखी माफीनामा मागितला, तिने दिला नाही, आणि वर्ष संपल्यावर करार वाढवला नाही. विजयकुमारने या वेळी "सोड ना" म्हटलं नाही. तो म्हणाला, "मला विचारलंस तरी का?" आणि गॅलरीत जाऊन बसला. आभा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, मग म्हणाली, "यू स्केअर्ड मी, मॉम." कुणा पोराने टाकलेला व्हिडिओ घरोघर पोहोचला होता. कोच एलोयने पट्टी बांधलेल्या नाकाचा फोटो टाकला, त्याला आधीपेक्षा जास्त बदाम मिळाले. तो कुणाबद्दल वाईट बोलला नाही. लोकांनी शोभनाला काय काय म्हटलं ते तिने वाचलं, आणि तिला त्यात विशेष चूक काही वाटली नाही.

त्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मिस? मी सोनम. अल क्वोजची सोनम. तुमचा व्हिडिओ बघितला."

शोभना पलंगावर बसली. "सोनम! अगं, कुठे आहेस?"

"इथेच. दुबईत, अल बर्शाला. बँकेत आहे. हाफिजा मॅडमची मुलगी माझ्या ऑफिसात आहे, तिच्याकडून नंबर घेतला." आवाज जाडसर झाला होता, पण हट्ट तोच. "त्याच दिवशी त्याच्या पानावरून आमचा फोटो गेला. तुम्ही काढून टाकायला लावलात?"

"हो. त्याने लिहिलं होतं, शून्यातून..."

"ते मी वाचलं होतं, मिस. तरी तो आमचा फोटो होता. माझ्याकडे दुसरा नाही. आम्हाला काय सांगितलं होतं, माहितेय? तुम्ही न सांगता निघून गेलात, असं. फायनलच्या दिवशी मी बसमध्ये तुमची जागा धरून बसले होते. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. जिंकलो आणि मी रडले, ते सगळ्यांना वाटलं आनंदाने. मला तुमचा इतका राग होता, मिस. कॉलेजात असतानासुद्धा."

उत्तरं शोभनाजवळ तयार होती. मला काढून टाकलं, मला भेटू दिलं नाही, तुमचे नंबर माझ्याकडे नव्हते. सगळं खरं होतं. पण इतके दिवस एलोयचं तोंड तिने रोज डोळ्यांपुढे धरलं होतं, आणि या पोरीचं इतक्या वर्षांत एकदाही नीट आठवलं नव्हतं. इस्लामपूरहून एक पोस्टकार्ड टाकायला कुणी अडवलं होतं?

"अजून आहे का राग?" तिने विचारलं.

"माहीत नाही. व्हिडिओ बघून आधी हसले. मग आला."

"शुक्रवारी घरी असतेस?"

"असते."

"मी येते. तुझं जे काय असेल ते माझ्या तोंडावर बोल."

"मी बोलेन हं, मिस. सोडणार नाही."

"नको सोडूस," शोभना म्हणाली.

शुक्रवारी तिने विजयकुमारकडे गाडी मागितली नाही. दुबईच्या बसने निघाली, पुढे मेट्रो धरली आणि अल बर्शाच्या त्या मध्यम उंचीच्या, कपडे वाळत घातलेल्या इमारतीखाली येऊन उभी राहिली. लिफ्टमध्ये आरसा होता. तिने त्यात बघितलं नाही. सोनमने दार उघडलं. काटकुळी राहिली नव्हती ती, कडेवर एक मूल होतं, आणि डोळे आधीच लाल झाले होते. आत या, असं ती म्हणाली नाही. शोभनाही चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली.